मामंजींची शेंदरी टोपी

मला क्रोशाचं विणकाम येत नव्हतं. आज हे वाक्य किती सहज लिहून झालं! पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हेच वाक्य तोंडातून निघू नये म्हणून मी जे काही उद्योग केले, ते आठवले की अजून आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं. अगदीच काही येत नव्हतं असंही नाही. साखळी येत होती. सुईच्या आकड्यात दोरा अडकवायचा, फासातून ओढून घ्यायचा, पुन्हा अडकवायचा, पुन्हा ओढायचा. अशी साखळी मी कल्याणपासून ठाण्यापर्यंत घातली असती. पुढे तिचं काय करायचं, एवढंच ठाऊक नव्हतं.

दोष माझ्या आईचा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि कल्याणच्या आमच्या घरी मला बघायला ठाण्याचे लोक यायचे होते. त्या काळी मुलगी दाखवायची म्हणजे तिच्या हातचं काहीतरी मांडावं लागे. भरतकाम, मण्यांचं तोरण, निदान काचेवर रंगवलेला एखादा हंस. माझ्या हातचं म्हणावं असं घरात फक्त लिंबाचं लोणचं होतं, आणि तेही थोडं कडवट झालेलं. आईनं भिंतीपलीकडच्या काकूंना हाक मारली.

काकूंचा हात क्रोशात असा बसलेला, की चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवून, तोंडानं गप्पा मारत, त्या वीतभर लेस विणून मोकळ्या होत. त्यांच्याकडे टेबलावर घालायचा एक रुमाल होता. पांढराशुभ्र, आणि मधोमध समोरासमोर बसलेले दोन पोपट. त्यातल्या डाव्या पोपटाला चोच नव्हती. त्या ओळीच्या वेळी दूध उतू गेलं आणि टाके मोजायचे राहिले, असं काकू सांगत. "घे, मांड हा," त्या आईला म्हणाल्या, "पण परत दे हो. उद्या माझ्या पोरीला लागेल."

बघायला तिघं आले. माझे होणारे यजमान, सासूबाई आणि मामंजी. सासऱ्यांना तेव्हा आम्ही मामंजी म्हणत असू. मामंजी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट. त्यांनी कपबशी उचलली, रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणी विणला?"

"तिनंच," आई म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत.

"किती दिवस लागले?"

हे मलाच विचारलं होतं. "वीस," मी म्हणाले. वीसच का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मामंजींनी पसंतीची मान डोलावली आणि त्या डोलावण्यात बशी कलली. चहा थेट उजव्या पोपटाच्या पोटावर. सगळे एकदम उठले, सगळे एकदम "असू दे, असू दे" म्हणाले. मामंजी इतके ओशाळले की आईला राहवेना. "अहो, त्यात काय एवढं! दुसरा विणेल ती."

"रुमाल नको," मामंजी म्हणाले. "थंडीत आमचं डोकं गारठतं. एक साधी टोपी विणून दे म्हणजे झालं."

असं माझं लग्न ठरलं. रुमाल काकूंनी तीनदा धुतला, एकदा लिंबू चोळून उन्हात घातला, पण पोपटाच्या पोटावरचा डाग गेला नाही. त्यात ठाण्याहून सासूबाईंचा निरोप आला, की रुखवतात दुसरं काही नसलं तरी चालेल, तो पोपटांचा रुमाल तेवढा हवा. आता नाही कसं म्हणायचं? रुमाल रुखवतात मांडला गेला आणि माझ्याबरोबर ठाण्याला निघाला. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. काकूंनी मला पोटाशी धरलं आणि कानात म्हणाल्या, "रुमाल विसरू नकोस." लोकांना वाटलं, आशीर्वाद दिला.

ठाण्याचं घर तळ्याजवळच्या आळीत होतं. पुढच्या खोलीत भिंतीवर घड्याळ, घड्याळाखाली टेबल आणि टेबलावर माझे दोन पोपट. मामंजी माझ्याशी थेट कधी बोलत नसत. सुनेशी बोलायची त्यांची पद्धतच नव्हती. काही सांगायचं झालं की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलत. "सूनबाईंना म्हणावं, आमटीत मीठ जरा बेतानं." घड्याळ टिकटिक करी आणि मी स्वयंपाकघरातून "हो" म्हणत असे.

घरात आलेलं प्रत्येक पोस्टकार्ड, कुणाच्याही नावाचं असो, मामंजी मोठ्यानं वाचत आणि त्यातल्या चुकांवर लाल पेन्सिलीनं खुणा करून मग ज्याचं त्याला देत. माझ्या आईची पत्रं माझ्या हातात येईपर्यंत गोवर आल्यासारखी झालेली असत.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला फणसाची गोष्ट सांगितली. खडवलीला मामंजींचे धाकटे चुलतभाऊ राहत. चार वर्षांपूर्वी ते एक भलामोठा फणस घेऊन आले होते, घरच्या झाडाचा म्हणून. सगळ्यांनी पोटभर खाल्ला. मग मामंजींना फणसाच्या सालीवर चुन्यानं ओढलेला आकडा दिसला. बाजारात व्यापारी घालतात तसा. "फणस विकतचा होता याचं काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या, "पण घरचा म्हणून सांगितलं ना! ह्यांना खोटं खपत नाही. तेव्हापासून भावाशी एक अक्षर बोललेले नाहीत." मी मान खाली घातली. समोर बिनचोचीचा पोपट माझ्याकडे बघत होता.

पावसाळा मी निभावून नेला. आश्विनात मामंजींच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. ते कोलशेतकडच्या एका लोकरीच्या गिरणीत होते. त्यांनी पिशवी भरून लोकर आणली होती. रंग शेंदरी. नुसता शेंदरी नाही, मारुतीच्या अंगावरचा असतो तो. गिरणीत रंग फसला होता आणि ही लोकर कुणी घेईना, त्यामुळे हवी तेवढी मिळणार होती.

"सूनबाईंना म्हणावं," मामंजी घड्याळाला म्हणाले, "थंडीला अजून महिना आहे. वीस दिवसांत रुमाल होतो, तर टोपीला दहा पुरेत."

टोपी कशी करायची, हे काकूंनी मला लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लावायच्या गडबडीत सांगितलं होतं. साखळीचं लहानसं कडं करायचं, त्यात आखूड टाके घालायचे, ज्यांना मुके खांब म्हणतात, आणि दर फेरीला टाके वाढवत जायचं. वाढवणं थांबवायचं कधी, हे सांगायच्या आत कुणीतरी काकूंना नारळ मोजायला बोलावून नेलं. मी बिचारी दुपारी माजघराच्या कोपऱ्यात बसून वाढवत गेले. रुपयाएवढं झालं, मग पुरीएवढं, मग भाकरीएवढं. खाली वळायचं नाव नाही. परातीएवढं झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी ते चक्र उचललं, उलटसुलट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगबाई! माठावर घालायला केलंस होय? किती दिवस म्हणत होते मी, झाकणातून मुंग्या शिरतात!"

"हो," मी म्हणाले.

झालं. चक्र माठावर गेलं. शेजारणी पाणी प्यायला येत त्या माठाला बघून थक्क होत. माजिवड्याहून भाजी घेऊन येणारी बाई तेवढी दारातच थबकली. "मडक्याला टोपी कनाला गो बाय?" तिनं विचारलं. सगळ्या आळीत खरं काय ते तिलाच दिसलं होतं.

मी आईला पोस्टकार्ड लिहिलं. ते आधी मामंजी वाचणार हे ठाऊक असल्यामुळे टोपीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून लिहिलं, "भाकरी पसरतच जाते. कडा वर वळून वाटीसारखी व्हायला हवी असेल तर काय करावं?" मामंजींनी ते टाकण्याआधी वाचलं आणि घड्याळाला विचारलं, की वाटीसारखी भाकरी सूनबाईंना कशाला हवी आहे. उत्तर आलं ते खरोखरच भाकरीबद्दल होतं. बिचारी आई! "पीठ घट्ट मळ. हात सैल सोडू नकोस." पण गंमत अशी, की तेच नेमकं लागू पडलं. मी हात आवळला, वाढवणं बंद केलं आणि दुसऱ्या टोपीची कड झटकन खाली वळली.

फक्त मी जरा जास्तच आवळला. टाके वाढवायचे थांबले ते फारच लवकर, आणि टोपी खाली खाली लांबत गेली. हात घालावा तर मनगटापर्यंत आत, आणि मूठ करून फिरवायला जेमतेम जागा. मी ती सासूबाईंच्या दृष्टीस पडू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे लपवली. सासूबाईंना ती तिथेच सापडली.

"गोमुखी!" त्या म्हणाल्या. गोमुखी म्हणजे जप करताना माळेचा हात झाकायची पिशवी. "माझ्यासाठी गुपचूप विणत होतीस होय? गुणाची गं माझी बाय ती!" आणि त्यांनी मला जवळ घेतलं. माझी आईसुद्धा मला इतक्या वेळा जवळ घेत नसे.

कार्तिक संपेपर्यंत आळीभर माझं नाव झालं. दुपारची जेवणं आटोपली की पाच-सहा बायका सुई घेऊन आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसत आणि मी त्यांना क्रोशा शिकवत असे. ज्या गोष्टीचं आपल्याला ओ की ठो कळत नाही ती शिकवायला फार आत्मविश्वास लागतो. तो माझ्यात कुठून आला कोण जाणे. "वाढवत जा," मी म्हणायची. "आता कधी थांबायचं?" एखादी विचारी. "तुमच्या मनाला वाटेल तेव्हा," मी गंभीरपणे सांगायची. गिरणीतली शेंदरी लोकर पिशव्या भरभरून येत होती. मार्गशीर्षात तळ्याजवळच्या आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या माठांना शेंदरी टोप्या झाल्या. मामंजी तेवढे बिनटोपीचे राहिले. सकाळी तळ्याकाठी फेरी मारून आले की ते तीन वेळा शिंकत आणि घड्याळाकडे बघत. बोलत काहीच नसत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मला रात्रंदिवस एकच भीती होती, की हे खोटं उघडं पडलं तर माझीही गत खडवलीच्या चुलतसासऱ्यांसारखी होणार. ते निदान खडवलीला राहत होते. मला याच घरात राहायचं होतं, आणि घड्याळसुद्धा माझ्याशी बोललं नसतं.

शेवटी ठरवलं, की मापानं काम करायचं. पण माप घ्यायचं कसं? मामंजींचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं आणि सुनेनं सासऱ्याच्या डोक्याला दोरा गुंडाळायचा हे तर बोलायलाच नको. ते आंघोळीला गेले की त्यांची काळी टोपी खुंटीवर असे. मी तिच्याभोवती लोकर फिरवून गाठ मारली आणि त्या मापानं विणायला बसले. पाटावर कळशी पालथी घालून तिच्यावर टोपी घालून बघायची, दोन फेऱ्या विणायच्या, पुन्हा बघायची. उसवायची, पुन्हा विणायची. वीण कुठे घट्ट, कुठे सैल, एका जागी तर अख्खं बोट जाईल एवढं भोक. पण ती टोपी होती. पौषाच्या सुरुवातीला ती टोपी झाली आणि मी ती टेबलावर, पोपटांच्या मध्ये ठेवली.

मामंजी ती आत जाऊन घालून आले तेव्हा ती सरळ त्यांच्या नाकापर्यंत आली होती.

मला काही कळेना. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं. ती काळी टोपी पंचवीस वर्षांपूर्वीची, तेव्हाच्या केसांवर बेतलेली. पुढे केस गेले आणि टोपी राहिली. मधली जागा मामंजी वर्तमानपत्राच्या घडीनं भरून काढत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामंजींनी टोपी काढली नाही. ते आत गेले, आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राची घडी तिच्यात बसवून बाहेर आले आणि तसेच फिरायला गेले. त्या दिवसापासून काळी टोपी खुंटीवरच राहिली. सकाळच्या धुक्यात तळ्याकाठी ते शेंदरी डोकं लांबून दिसे. एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना बघून हात जोडले म्हणे. लोकांनी हसून घेतलं, ह्यांनी एकदा दबकत सुचवून पाहिलं, की टोपी निदान रंगवून घेऊ. मामंजी घड्याळाला म्हणाले, "ऊब आहे." तेवढ्यानं मला दोन दिवस शांत झोप लागली.

संक्रांतीला मी माहेरी गेले तेव्हा रुमाल बरोबर नेला. कांजी करून आणते, असं सांगून. काकूंच्या मुलीला बघायला लोक येऊ लागणार होते. काकूंनी डाग पाहून सुस्कारा टाकला आणि रुमाल ट्रंकेत ठेवला. मला वाटलं, सुटले. टेबलावर मी एक शेंदरी चक्र घालून दिलं आणि पोपटांबद्दल कुणी विचारलं नाही.

माघातल्या एका शनिवारी मामंजींच्या डोंबिवलीच्या बहिणीचं कार्ड आलं. मामंजींनी ते मोठ्यानं वाचलं. भाच्यासाठी मुलगी बघायला उद्या सकाळी कल्याणला जायचं होतं आणि मुलाला वडील नसल्यामुळे मामानं यायलाच हवं होतं. पत्ता वाचताना मामंजी थांबले. "हे तर सूनबाईंच्या माहेराला लागूनच," ते घड्याळाला म्हणाले. "त्यांनाही घेऊ. घराची माहिती असलेलं माणूस बरं."

काकूंना पोस्टानं कळवायला वेळ नव्हता. मी डोकं दुखतं म्हणून पाहिलं. सासूबाईंनी सुंठ उगाळून लावली आणि ते थांबलं, असं मला म्हणावं लागलं.

रविवारी काकूंनी दार उघडलं. आधी मामंजींच्या बहिणीकडे बघून हसल्या, मग मुलाकडे बघून हसल्या, मग त्यांना शेंदरी टोपी दिसली आणि टोपीखाली मामंजी दिसले. त्यांच्या मागे टेबलावर, कडक कांजी केलेले, दोन्ही पोपट आमची वाट बघत होते. माझी आई मदतीला आलेली होती. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली ती आम्ही जाईपर्यंत बाहेर आली नाही.

पण काकू मोठ्या धीराच्या. आम्ही खुर्च्यांवर बसेपर्यंत त्यांनी पोह्यांच्या बश्या आणून एक डाव्या पोपटावर ठेवली, एक उजव्या पोपटावर आणि मध्ये पाण्याचा तांब्या. मुलगी आली, नमस्कार झाले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मामंजींनी आपली बशी उचलली.

खाली पोपटाच्या पोटावर चहाचा डाग होता. मामंजी घास हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. आपण सांडलेला चहा माणूस विसरत नाही. त्यांनी बशी पुन्हा नेमकी डागावर ठेवली. मग बहिणीला म्हणाले, "जरा ती बशी धर बघू हातात." बहिणीनं उचलली. मामंजींनी वाकून चोच नाही ना याची खात्री करून घेतली. चाळीस वर्षं कागद तपासलेला माणूस तो.

"हा रुमाल कुणी विणला?"

"तिनंच," काकू म्हणाल्या. स्वतःच्या हातचा रुमाल, आणि नाव सांगावं लागलं मुलीचं.

"किती दिवस लागले?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

"पंधरा," ती म्हणाली.

"वा. पाच दिवस कमी," मामंजी म्हणाले आणि पोहे खाऊ लागले.

काकूंना काहीतरी बोलायलाच हवं होतं. "टोपी छान आहे हो तुमची," त्या म्हणाल्या.

"आमच्या सूनबाईंनी विणली," मामंजी म्हणाले. काकूंनी टोपीकडे नीट पाहिलं. ते कानावरचं भोक, ती कधी आत कधी बाहेर जाणारी कड. करपलेल्या भातात चमचा घालावा तसं तोंड झालं त्यांचं.

आम्ही ठाण्याला परतलो. दुपारी सासूबाई आत चहा टाकत होत्या, हे बाहेर गेले होते. मामंजी टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"सूनबाई, इकडे या."

लग्नानंतर ते पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांनी विचारायच्या आत सगळं एका दमात ओकून टाकलं. रुमाल माझा नाही. वीस दिवस माझे नाहीत. माठावरचं चक्र ही टोपीच होती आणि गोमुखीही टोपीच होती. मी आळीतल्या बायकांना शिकवते आणि मला काही येत नाही. मला माहेरी पाठवायचं असेल तर पाठवा, पण घड्याळाशी बोलायचं बंद करू नका. मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. या घराचा मला लळा लागला होता, हे मला त्या वेळी बोलता बोलता कळलं.

मामंजींनी टोपी काढली. वर्तमानपत्राची घडी क्षणभर टाळूवर चिकटून राहिली, मग घसरून टेबलावर पडली. मी त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदाच बघत होते. ते चकचकीत, तेल लावलेलं होतं, आणि त्या तेलावर वर्तमानपत्राची शाई उमटली होती. मधोमध एका बाईचं चित्र होतं. मोकळे सोडलेले, गुडघ्यापर्यंत लांब केस. भोवती उलटी अक्षरं. केस वाढवायच्या तेलाची जाहिरात होती ती.

मी पदर तोंडात कोंबला.

"रडताय की हसताय?"

"दोन्ही," मी म्हणाले. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवून पाच मिनिटंही झाली नव्हती, म्हणून कारणही सांगून टाकलं. मामंजींनी आरसा मागवला. मान वाकवून, डोळे वर करून त्यांनी ती बाई बराच वेळ न्याहाळली.

"न्हावी का हसत असतो ते आज कळलं," ते म्हणाले.

मग त्यांनी टोपी हातात घेतली. तिच्या भोकातून बोट आरपार घातलं आणि ते माझ्यासमोर हलवून दाखवलं.

"ही मात्र तुमचीच ना?"

"हो."

"त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. असली दुसऱ्या कुणाला जमायची नाही."

त्यांनी ती तशीच, घडीशिवाय, डोक्यावर घातली. ती नाकापर्यंत खाली आली. लोकरीच्या आडून ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे. तसं कळवतो बहिणीला." सासूबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांना त्या अवस्थेत बघून कप तसाच धरून उभ्या राहिल्या.

चहा झाल्यावर मामंजींनी दोन पोस्टकार्डं लिहायला घेतली. पहिलं पटकन झालं. दुसऱ्यावर ते बराच वेळ बसले होते, दोन ओळी लिहायला. मग दोन्ही कार्डं माझ्या हातात दिली. "पेटीत टाकून या."

जिन्यावर नेहमीच्या बायका सुया घेऊन बसलेल्या होत्या. आता कशाला लपवून ठेवायचं, म्हणून मी तिथेच उभी राहून सांगितलं, की मला क्रोशा येत नाही, कधीच येत नव्हता. कुणी मान वर केली नाही. "ते माहितीये गं आम्हाला," एक म्हणाली. "पण मग दुपारी बसायचं कुठे?"

पेटीपाशी जाऊन मी पहिलं कार्ड टाकलं. दुसरं टाकताना पत्त्यावर खडवली दिसलं. आमच्या घरात पोस्टकार्ड वाचायला परवानगी लागत नसे. मी उलटं करून वाचलं. चिरंजीव भावास आशीर्वाद, आणि पुढे एवढंच, "त्या वेळचा फणस फार गोड होता. झाड कुणाचं, ते आता विचारत नाही. यंदा ये." मी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा विचार बदलायच्या आत पेटीत टाकून दिलं.